स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंग: घरी बसवू की गॅरेजला देऊ?

कात्रजपार

नमस्कार मंडळी. माझी २०१५ची पेट्रोल स्विफ्ट. ७८ हजार किलोमीटर झालेत, पहिल्या दिवसापासून माझ्याच हाताखाली आहे. इंजिन ठणठणीत. पण ताम्हिणीत किंवा वरंध्यात वळणावर गाडी एका अंगावर कलते ना, ते मला फार दिवस खटकतंय. शेवटी ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांचा संच मागवला. चारही स्प्रिंगा खोक्यासकट हॉलमध्ये येऊन पडल्यात.

दोन गॅरेजांत विचारलं. एक म्हणतो साडेचार हजार, चाकांच्या अलाइनमेंटसकट. दुसरा तीन हजार, अलाइनमेंट बाहेरून करून घ्या म्हणतो. माझ्याकडे सपाट काँक्रीटचं पार्किंग आहे, ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, गोटी पान्यांचा सेट आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) आहे. ब्रेक पॅड, डिस्क, ऑइल ही कामं मी घरीच करतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार, मात्र नाही. ऑनलाइन हजार-बाराशेला दिसतोय.

पैसे वाचवणं हा मुख्य मुद्दा नाही. आपल्या गाडीचं काम आपल्या हातांनी व्हावं असं मनापासून वाटतं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहा. ज्यांनी गॅरेजला दिलंय त्यांनीही.

पाना_सतरा

मी माझ्या जुन्या स्विफ्टला घरीच बसवल्या होत्या. पहिली गोष्ट, हे एक काम नाही, दोन आहेत. मागचं वेगळं आणि पुढचं वेगळं. लोक दोन्हीची एकत्र मोट बांधतात आणि म्हणून एकतर सगळंच घाबरून गॅरेजला देतात, नाहीतर सगळंच घरी करायला जातात.

मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा. स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. दोन्ही बाजू जॅक स्टँडवर घ्या, बीमखाली ट्रॉली जॅक लावा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक सावकाश उतरवत जा. बीम खाली आला की स्प्रिंग हातात येते. कॉम्प्रेसर लागतच नाही. लक्ष ठेवायचं ते ब्रेकच्या रबरी होजवर आणि हँडब्रेकच्या केबलवर. बीम जास्त खाली सोडला तर होज ताणला जातो, त्याला झोळीसारखा लोंबता ठेवू नका. नवीन स्प्रिंग बसवताना रबरी सीट वर-खाली दोन्हीकडे नीट बसलंय ना ते बोटाने चाचपून बघा, आणि स्प्रिंगचं टोक सीटच्या पायरीला टेकलेलं असू द्या. हे चुकलं की गाडी एका बाजूने वर दिसते आणि माणूस महिनाभर कारण शोधत बसतो.

मला मागे दोन तास लागले, तेही मध्ये चहा घेऊन.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. तिथे स्प्रिंग शॉकअपवर दाबून बसवलेली असते आणि वरच्या एका नटने धरलेली. तो नट स्प्रिंग दाबून घेतल्याशिवाय सोडला तर काय होतं ते दुसरं कोणीतरी लिहीलच. पुढचं मीही घरीच केलं, पण आज करणार नाही.

शटर_अर्धं_उघडं

मीच लिहितो.

२०१९. माझं स्वतःचं गॅरेज, म्हणजे घराखालचा गाळा. मागवलेला कॉम्प्रेसर दोन सळ्यांचा, प्रत्येक सळीला दोन आकडे. पहिला स्ट्रट विनातक्रार झाला, त्यामुळे दुसऱ्याला हात सैल झाला. दोन्ही सळ्या समोरासमोर हव्यात, माझी एक जरा सरकलेली होती. ते दिसत होतं आणि तरी मी पाना फिरवत राहिलो. स्प्रिंग केळ्यासारखी एका अंगाला वाकायला लागली. मग आकडा वेटोळ्यावरून घसरला. आवाज असा झाला की वरच्या मजल्यावरून बायको धावत खाली आली. स्ट्रट माझ्या गुडघ्याजवळून गेला आणि शटरला लागला. शटरवरचा तो पोचा अजून आहे, मूठ मावेल एवढा.

मला काही झालं नाही. त्या दिवशी माझा मुलगा, तेव्हा सात वर्षांचा, पाने द्यायला नेहमी शेजारी बसायचा तो, क्लासला गेला होता. तो विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

कात्रजपार भाऊ, मागचं जरूर करा. पुढच्या स्प्रिंगला हजार रुपयांचा कॉम्प्रेसर लावू नका.

चाकण_दुसरीपाळी

वरचं वाचून हात थबकला. मी स्प्रिंग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

समजा पुढच्या स्प्रिंगचा दर मिलिमीटरला २० न्यूटन आहे. म्हणजे एक मिलिमीटर दाबायला साधारण दोन किलोचा भार. वरचा नट मोकळा करायला स्प्रिंग तिच्या मोकळ्या लांबीपेक्षा १०० मिलिमीटर दाबावी लागली, तर ती २००० न्यूटनने, म्हणजे सुमारे दोनशे किलोच्या जोराने परत ढकलते. तिच्यात साठलेली ऊर्जा १०० ज्यूल. दहा किलोचं वजन एक मीटर उंचीवरून टाकल्यावर जेवढी असते तेवढी. फक्त ते वजन कुठे पडणार हे आपल्याला माहीत असतं, स्प्रिंग कुठे जाणार हे माहीत नसतं.

दुसरं कोणी सहसा सांगत नाही ते सांगतो. स्प्रिंगची तार कडक करून, पाणी देऊन झाल्यावर तिच्यावर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करतात. त्यामुळे पृष्ठभागावर दाबाचा थर तयार होतो आणि तडा जायला सुरुवात होत नाही. वर रंगाचा लेप. कॉम्प्रेसरच्या आकड्याने तो लेप खरवडला की तिथे पावसाळ्यात गंज धरतो, गंजाचा खड्डा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. त्यामुळे आकड्याखाली जाड रबर किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा हवाच. स्प्रिंग घरी बसवा नाहीतर गॅरेजमध्ये, एवढं बघून घ्या.

आणि कोणी "स्प्रिंग कापून देतो, पाचशेत काम होईल" म्हणालं तर तिथून गाडी बाहेर काढा. वेटोळी कमी केली की स्प्रिंग आखूडही होते आणि कडकही, पण कापलेलं टोक सीटवर बसत नाही. गॅस कटरने कापली तर कापलेल्या जागेजवळचं पाणी उतरतं. तापवून बसवलेल्या स्प्रिंगचं तर बोलायलाच नको.

म्हापशेकार

आमच्या गोव्यात निम्मा वेळ बोल्टशी झुंजण्यात जातो. समुद्राची हवा, त्यात चार महिने पाऊस. माझ्या गाडीच्या स्टॅबिलायझर लिंकचा (गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याला स्ट्रटशी जोडणारी सळी) नट असा गंजला होता की नटाबरोबर आतला बॉल जॉइंटही फिरायचा. शेवटी कापून काढावा लागला आणि नवीन लिंक मिळेपर्यंत रविवार-सोमवार गाडी स्टँडवरच उभी. तेव्हा आदल्या दोन रात्री सगळ्या बोल्टांना गंज सुटण्याचं तेल मारून ठेवा, आणि दोन्ही लिंक आधीच आणून ठेवा. नाही लागल्या तर दुकानदार परत घेतो.

पुण्याची गाडी असेल तर इतका त्रास होणार नाही म्हणा.

ओवी_आणि_गाडी

कात्रजपार दादा, सगळे कसं बसवायचं ते सांगताहेत. मी बसवावं का याबद्दल लिहिते, राग मानू नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि निर्मात्याने मूळ ठरवलेला तपशील यांत तफावत येईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. रस्त्यावर स्प्रिंग बघायला कोणी वाकत नाही हे मलाही माहीत आहे. पण अपघात झाला आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तर तो वाकतो. विमा कंपनीला लेखी कळवा आणि मूळ स्प्रिंगा तेल लावून, गुंडाळून जपून ठेवा. विकू नका.

आता रस्त्याचं. तुमच्या पिढीच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर. ३० गेले की १४०. त्यात मागे तिघं आणि डिकीत सामान. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ किलोमीटरला आरामात ओलांडता यावा असा. त्यावरून १४०ची गाडी सहज जाईल. पण आपल्या सोसायट्यांत जे डांबराचे उंचवटे घालतात ते हातभर रुंद आणि वीतभर उंच. तिथे पुढची चाकं उतरली की पोट टेकतं.

माझ्या भावाच्या गाडीला बसवल्या आहेत. गाडी वळणावर सुंदर चालते, यात शंका नाही. पण आईला मणक्याचा त्रास आहे आणि ती आता त्या गाडीत बसत नाही. घरच्यांना विचारलंत का?

कात्रजपार

ओवीताई, राग कसला, हे कोणीतरी विचारायलाच हवं होतं. घरी विचारलं. आईबाबांचा प्रवास दुसऱ्या गाडीतून होतो, ही गाडी मी आणि बायकोच वापरतो. सोसायटीच्या फाटकावरचा गतिरोधक आज टेपने मोजला, १२ सेंटिमीटर भरला. अरुंदही आहे. तिरकी घातली तर जाईल असं वाटतंय, तरी धाकधूक आहे. विमा कंपनीला मेल टाकतो.

शटरवाले दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पुढच्या स्प्रिंगचा विचार घरी करणार नाही.

पण मग गाडी गॅरेजला द्यायची तर अर्धं काम माझं, अर्धं त्यांचं हे त्यांना चालेल का?

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे. ताशी भाड्याने लिफ्ट मिळते अशी कार्यशाळा असते. लिफ्ट, हवेवरची हत्यारं, भिंतीला ठोकलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर, सगळं तिथेच. काम तुम्ही करायचं, अडलात तर मेस्त्री सांगतो. मी माझ्या गोल्फला तिथेच बसवल्या. एक शनिवार गेला.

कागदाचं मात्र कडक आहे. स्प्रिंगेबरोबर त्या गाडीसाठीचा मान्यतेचा कागद किंवा चाचणी अहवाल असावाच लागतो. अहवाल असेल तर बसवल्यावर तपासनीसाकडे गाडी न्यायची. तो चाकं पूर्ण वळवून घासतात का बघतो, हेडलाइटचा झोत बघतो, मग नोंद होते. हेडलाइटची गोष्ट पुण्यातही लागू आहे. गाडीचं नाक आणि शेपूट कमीजास्त खाली गेलं की झोत बदलतो. पुढून येणाऱ्याच्या डोळ्यांत जायला नको. आधी रात्री भिंतीवर झोताची वरची कड खडूने आखून ठेवा, नंतर तेवढ्याच अंतरावर उभी करून जुळवा.

करवीर_गॅरेज

कात्रजपार, तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो. माझं कोल्हापुरात गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली.

आधी गॅरेजवाल्याची बाजू ऐका. गिऱ्हाईक स्वतःचा माल घेऊन येतं तेव्हा आम्हाला मालाची गॅरंटी देता येत नाही, पण आवाज आला की फोन आम्हालाच येतो. म्हणून काही जण जास्त मजुरी सांगतात, काही जण नाहीच म्हणतात. त्यात लबाडी असतेच असं नाही.

अर्धं काम चालतं का? माझ्याकडे चालतं. पोरं स्ट्रट सोडवून पोत्यात घालून घेऊन येतात. मी भिंतीवरच्या कॉम्प्रेसरवर अर्ध्या तासात दोन्हीच्या स्प्रिंगा बदलून देतो. नगाला चारशे घेतो. गाडी त्यांच्या दारात स्टँडवर, माझा रॅम्प मोकळा. दोघांचंही भलं. पुण्यात असं करून देणारा नक्की सापडेल, फक्त फोनवर विचारू नका, समोर जाऊन विचारा. आणि आत जाऊन कॉम्प्रेसर बघा. भिंतीला किंवा टेबलाला पक्का बसवलेला असेल तर द्या. तिथेही दोन सळ्यांचाच असेल तर चहा पिऊन परत या.

आता काही गोष्टी कागदावर लिहून घ्या.

तुमचे शॉकअप ७८ हजारांचे आहेत. कडक स्प्रिंगला आवरायचं काम त्यांना जास्त पडणार. नवीन स्प्रिंग घालून सहा महिन्यांनी शॉकअप गेला तर सगळं पुन्हा उकलावं लागतं, मजुरी दुप्पट. स्ट्रट हातात आहे तेव्हाच दाबून बघा. दांडा एकसारखा आत जातो का, मध्ये कुठे मोकळा पडतो का, तेल आलंय का. शंका असेल तर चारही नवीन घाला. स्ट्रटचं माउंट आणि बेअरिंग हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर तेही.

स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांना जोडणारे दोन बोल्ट काढायच्या आधी तिथे पांढऱ्या रंगाने खूण करा. त्या भोकांत जरा मोकळीक असते. बसवताना नकल इकडेतिकडे झालं तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलतो. बोल्ट सुटल्यावर नकल बाहेर झुकतं, ते दोरीने बांधा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट आणि ब्रेक होज ताणतो. एबीएसची वायर स्ट्रटच्या क्लिपमधून आधी सोडवा. ती तोडून आलेल्या गाड्या मी बघितल्यात.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि गॅरेजमध्येही घाईत हे राहून जातं. मागच्या बीमचे पुढचे बुश, म्हणजे बीम गाडीला जोडणारे सांधे, रबराचे. ते जुन्या उंचीला आवळलेले असतात. गाडी ३० मिलिमीटर खाली बसली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून त्यांचे बोल्ट सैल करून, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर आल्यावर मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायचे. चाकं हवेत असताना आवळून उपयोग नाही. घरी चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या जाड फळ्या घातल्या की हात जाण्यापुरती जागा होते. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा.

अलाइनमेंट लगेच एकदा, आणि दोन आठवड्यांनी स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा. पुढचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, जुळवता येतो. मागे जुळवायला काही नाही, पण मशीनवर आकडे बघून घ्या.

पाना_सतरा

बुशचा मुद्दा मी केला नव्हता. पंचवीस हजारांत बुश गेले होते आणि मी रस्त्यांना दोष देत होतो. आज कळलं. धन्यवाद साहेब.

एक भर: पुढच्या बंप स्टॉपबद्दल (शॉकअपच्या दांड्यावरचं, धक्का झेलणारं रबर) संचासोबतच्या कागदावर काय लिहिलंय बघा. कापायला सांगितलं असेल तर तेवढंच कापा. तसंच ठेवलं तर गाडी सतत रबरावर आपटते आणि लोक म्हणतात स्प्रिंग फार कडक आहे.

कात्रजपार

तीन आठवड्यांनी परत आलो.

शनिवारी सकाळी सातला मागचं सुरू केलं, साडेदहाला झालं. डावीकडची रबरी सीट पहिल्यांदा चुकीची बसली होती. पाना_सतरा, तुम्ही लिहिलं होतं म्हणून बोट फिरवलं आणि कळलं. मग पुढचे दोन्ही स्ट्रट सोडवले. लिंकचा एक नट अडला, पण रात्री तेल मारलेलं असल्याने सुटला.

स्ट्रट पोत्यात घालून स्कूटरवर धनकवडीला नेले. तिसऱ्या गॅरेजवाल्याने हो म्हटलं. भिंतीवरचा कॉम्प्रेसर, दोन्ही जबडे रबराने मढवलेले. मी विनंती केली म्हणून त्यांनी मला शेजारी उभं राहू दिलं. स्प्रिंग दबत गेली, सीटवरून किंचित सुटली आणि ती हाताने सहज फिरायला लागली, तेव्हा ते म्हणाले, "आता नट." तो क्षण मला आधी कधीच नीट समजला नव्हता. स्प्रिंग फिरते म्हणजे नटावर भार उरला नाही. उजवा शॉकअप दाबल्यावर मध्येच मोकळा पडत होता. नवे चारही तिथूनच मागवले, त्यामुळे काम सोमवारवर गेलं आणि मागचे शॉकअप पुन्हा काढावे लागले. गाडी दोन रात्री स्टँडवर होती. चाकं काढून दाराखालच्या सिलखाली आडवी सरकवून ठेवली होती, आधार म्हणून.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजमाप: आधी पुढे डावीकडे ३८८, उजवीकडे ३८५. बसवल्यावर ३६२ आणि ३६०. पंधरा दिवसांनी ३५८ आणि ३५६. मागे २८ मिलिमीटरचा फरक. दुसऱ्या अलाइनमेंटला टो खरंच पुन्हा हललेला होता. हेडलाइट खडूच्या रेषेला जुळवले.

काल पहाटे ताम्हिणीत जाऊन आलो. गाडी आता वळणात शिरताना वाट बघायला लावत नाही, स्टिअरिंग वळलं की लगेच बसते. खड्डा मात्र पूर्वीपेक्षा कळतो, हे खरं सांगायला हवं. सोसायटीचा गतिरोधक तिरका घालून जातो. बायको बसली असतानाही टेकलं नाही.

एक शंका आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून पार्किंगमधून काढताना पुढून उजवीकडे "टुंग" असा एकच आवाज येतो, रोज सकाळी पहिल्यांदाच. चालताना काही नाही.

करवीर_गॅरेज

उत्तम केलंत. तो आवाज बहुधा स्प्रिंगचा आहे. स्टिअरिंगबरोबर स्प्रिंग फिरायला हवी, ती अडते आणि एकदम सुटते. एकाने स्टिअरिंग फिरवा, दुसऱ्याने चाकाच्या कमानीतून आत हात न घालता नुसतं टॉर्चने बघा. स्प्रिंग उडी मारल्यासारखी सरकली तर वरच्या माउंटचं बेअरिंग किंवा खालच्या सीटवरचं टोक. उजवं बेअरिंग नवीन घातलं का जुनंच?

कात्रजपार

जुनंच. हाताने फिरवलं तेव्हा खरखर नव्हती, म्हणून ठेवलं.

करवीर_गॅरेज

रिकाम्या हाताला कळत नाही, गाडीचं वजन आल्यावर बोलतं. आधी खालचं टोक बघून घ्या, एक-दोन सेंटिमीटर सरकलेलं असेल तर तेवढ्यानेच जाईल. नसेल तर बेअरिंग आणा आणि स्ट्रट पुन्हा पोत्यात घाला.

शटर_अर्धं_उघडं

आणि पुन्हा धनकवडीलाच न्या.

कात्रजपार

हो दादा, तिथेच. रविवारी बघून कळवतो.